काळ्या टाइपातलं नाव

आईच्या नावात भोकं पडली होती. देवाजी गजभियेला आधी वाटलं, उन्हातून एकदम आत आल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, त्यात हिंगणा रोडवरच्या कारखान्यापासून महाल भागातल्या या छापखान्यापर्यंत सायकल हाणत आलेला माणूस. त्याला दोनचार अक्षरं दिसली नाहीत तर नवल नव्हतं. त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि दगडी टेबलावर जुळवून ठेवलेल्या मजकुरावर पुन्हा वाकला. शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचायची सवय त्याला कधीच झाली होती, त्यामुळे वाचण्यात चूक होणं शक्य नव्हतं. 'अंजनाबाई डोमाजी गजभिये' या ओळीतले सगळे ज गेले होते आणि एक ब गेला होता. अंजनाबाईतला काना नुसताच उभा होता. बापाच्या नावातली वेलांटी कशाला धरावं ते न कळून एकटीच लटकली होती. वरची 'स्मरणार्थ' ही बारीक टाइपातली ओळ मात्र शाबूत होती, आणि खालचं त्रिशरण, पंचशील, वंदना, सगळं शाबूत होतं. फक्त मेलेलं माणूसच तेवढं मोडलेलं होतं. उद्या सकाळी आईचं पहिलं वर्ष होतं, आणि ही पुस्तिका उद्या सकाळीच लोकांच्या हातात पडायची होती.

"आले का गजभिये बाबू? तुमचीच वाट पाहून राहिलो होतो," नत्थू कंपोझिटर आतून हात पुसत आला. "हे कोणी काढलं?" देवाजीनं विचारलं. "मीच काढले ना," नत्थू म्हणाला. त्याच्या आवाजात चोरटेपणा नव्हता. उलट काम निभावून नेलेल्या माणसाचं समाधानच होतं. "तुमच्या कंपनीच्या पत्रकाच्या शेवटच्या पानाले काळे ज कमी पडले. ब बी एक कमी पडला. अन् तुमचीच तं चिठ्ठी आहे, जलबाण जिथं जिथं येईन तिथं काळाच टाइप पाहिजे, एक जागा सुटली नाही पाहिजे म्हणून. नवे खिळे मुंबईहून निघाले, पण रेल्वेचा संप, कोठं अडकून पडले कोण जाणे. तिकडं एका पुढाऱ्याच्या सत्काराचं मॅटर बांधून पडलं आहे, पण मालकाले विचारल्याबिगर ते मोडता येत नाही, अन् मालक गेले वर्ध्याले. दुसऱ्याच्या मॅटराले मी हात लावला तं माह्यी नोकरी जाईन. म्हटलं, हे दोन्ही कामं गजभिये बाबूचेच. घरचाच मामला आहे. घरच्यातून घेतलं तं कोण बोलन?"

देवाजीला त्याच्यावर रागवायचं होतं. पण रागवायला जागा कुठे होती? चिठ्ठी त्याचीच होती, नियमही त्याचाच. आणि या नियमाचा त्याला केवढा अभिमान होता! चार वर्षांपूर्वी तो फवारणी पंपांच्या त्या कारखान्यात लागला तेव्हा त्याचं काम होतं माहितीपुस्तिका लिहिण्याचं: पंप कसा भरावा, पट्टा खांद्याला कसा अडकवावा, तोटी तुंबली तर काय करावं. इंग्रजीत आधी लिहायचं आणि मग मराठीत उतरवायचं. त्यानं जुन्या पुस्तिका काढून पाहिल्या तर एकाच 'जलबाण' पंपाचं नाव दर पानावर वेगळ्या कपड्यात. एका इंजिनिअरनं सगळी अक्षरं कॅपिटल लिहिलेली, दुसऱ्यानं पहिलंच तेवढं कॅपिटल, तिसऱ्यानं नावाच्या मधोमध आडवी रेघ मारून त्याचे दोन तुकडे केलेले. आणि बाकीच्या शब्दांचं तर विचारूच नका. ज्यानं तोटी बनवली तो तोटी कॅपिटलनं लिहायचा, ज्यानं टाकी बनवली तो टाकी. आपापल्या हातचं जे, ते प्रत्येकाला मोठ्या अक्षरात हवं होतं. देवाजीनं रविवारी घरी बसून एक कागद तयार केला. मालाचं नाव सर्वत्र, शीर्षकात, मजकुरात, चित्राखाली, संपूर्ण कॅपिटलमध्ये. सुट्या भागांची नावं लहान लिपीत, मग तो भाग कितीही महत्त्वाचा असो. फवारणारा माणूस लहान लिपीत. मॅनेजर या शब्दाचं पहिलं अक्षर मात्र त्यानं कॅपिटलच ठेवलं. नोकरी करायची होती. आणि मराठीत कॅपिटल नसतं म्हणून तळाशी लिहिलं: मराठी पत्रकात मालाचं नाव काळ्या, म्हणजे ठळक टाइपात घ्यावं, दुसरा कोणताही शब्द काळा नको. चंपतराव मॅनेजरनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याच्या प्रती काढून प्रत्येक टेबलाच्या काचेखाली घालायला लावल्या. त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "गजभियेसाहेबांनी शिस्त लावली बुवा आपल्याला." त्याआधी त्याला तिथे कोणी साहेब म्हटलं नव्हतं. बाकी सगळे साहेब होते, पंत होते, भाऊ होते. तो नुसता गजभिये होता. आणि ते आडनाव उच्चारताना लोक किंचित थांबत, जणू पायरी आहे की नाही ते अंधारात चाचपून पाहतायत. त्या दिवसापासून ते थांबणं गेलं. निदान तसं त्याला वाटलं.

आईला त्यानं हे सगळं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. इंदोरा वस्तीतल्या घराच्या ओट्यावर ती पाय लांब करून बसली होती. कापडगिरणीच्या रीळ खात्यात, सूत गुंडाळायच्या साच्यापुढे उभ्यानं जन्म गेला होता तिचा, म्हणून बसताना ती नेहमी पाय लांब करूनच बसायची, जणू त्यांना बक्षीस देत होती. "मोठं अक्षर म्हंजे काय गा?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, इंग्रजीत प्रत्येक अक्षर दोन प्रकारचं असतं, एक मोठं, एक लहान. माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं घालतात, देवाचं, गावाचं. "अन् आपल्यात?" "आपल्यात सगळे सारखेच." ती म्हणाली, "मंग बरं आहे आपलंच." देवाजीला तेव्हा हसू आलं होतं. त्याला ती भाबडी वाटली होती. दोनेक महिन्यांनी शेजारच्या सिंधूताईच्या नवऱ्याचं वर्ष झालं, तेव्हा वंदनेची पुस्तिका वाटली. तशी चालच पडली होती वस्तीत: श्राद्ध नाही, पिंड नाही, माणसाच्या नावानं वंदनेचं पुस्तक छापायचं आणि वाटायचं. आईला वाचता येत नव्हतं. ती पहिलं पान डोळ्यांपासून लांब धरून म्हणाली, "नाव कोणतं याच्यात?" त्यानं दाखवलं. "हे काळं? दुरूनच दिसते बाप्पा!" आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवत, भाजी चिरायला सांगावी तितक्या सहज म्हणाली, "माह्यं बी असंच टाकजो. काळं. गिरणीत कोणी नावानं हाक नाही मारली मले, बिल्ल्याच्या नंबरानंच मारली. येकडाव तं दिसू दे लोकाले." तो हो म्हणाला होता. त्यात हो म्हणण्यासारखं काय कठीण होतं? त्याला छापखाने ठाऊक होते, काळा टाइप ठाऊक होता. दुसऱ्या कोणाला जड गेलं असतं. त्याचं तर ते रोजचं काम होतं.

"तुम्ही म्हणसान तं परत बसवतो," नत्थू म्हणाला. त्याला आता देवाजीचा चेहरा दिसला असावा. "पण मंग पत्रकाच्या शेवटच्या पानावर जलबाण तीनचार ठिकाणी बारीक येईन. दोन्ही पानं एकाच फर्म्यात चढवून राहिलो ना आज, एकाच कागदावर, मंग कापून घेऊ. पाचशे हे, पाचशे ते. संध्याकाळी लाइट जाते, त्याच्या आत एकच फर्मा निघते. खिळा एक तं इकडं बसन, नाही तं तिकडं." देवाजीनं दगडावर पाहिलं. एकाच लोखंडी चौकटीत दोन पानं शेजारी शेजारी बांधायला घेतली होती. उजवीकडे पंपाचं पान, सगळीकडे काळ्या टाइपात भरलेलं: जलबाण वापरण्यापूर्वी, जलबाण धुताना, जलबाणची तोटी. डावीकडे आई. मध्ये लाकडाची एक बारीक पट्टी. "उद्याच्या त्या विक्रेत्याच्या मेळाव्यातले लोक पत्रक वाचत नसते बाबू," नत्थू आवाज खाली आणून म्हणाला. "चहा पेतात, पंखा करतात त्याचा. कोण पाहून राहिलं शेवटचं पान? सांगा. काय करू?"

देवाजी "आलोच" म्हणून बाहेर पडला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दुकानांवर गोणपाटं सोडलेली, त्यांवर कोणी तरी मारलेलं पाणी वाळून गेलेलं, आणि वारा असा की तोंडावर चुलीतली धग यावी. तो सावली धरून चालत राहिला. कोण पाहतं शेवटचं पान? नत्थूला काय सांगणार? चंपतराव पाहत. ते पत्रक मागूनच उघडत. नियमाचा कागद काचेखाली गेल्यापासून कचेरीत एक नवा खेळच सुरू झाला होता, कोणाच्या लिखाणात मालाचं नाव लहान लिपीत गेलं की दुसरा कोणी ते तांबड्या पेन्सिलीनं गोल करून देवाजीच्या टेबलावर आणून टाकी आणि म्हणे, "साहेब, तुमच्या राज्यात अपराध झाला." सगळे हसत, तोही हसे. पण त्या हसण्याच्या तळाशी काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते सगळे त्याच्याच हातून ती चूक व्हायची वाट पाहत होते. उद्या यवतमाळ, अमरावती, वर्ध्याहून विक्रेते येणार, रेल्वे नाही तर एस.टी.नं येणार; कंपनीचे मालक स्वतः येणार; आणि नियम करणाऱ्याच्याच पत्रकात माल तीन ठिकाणी बारीक. चंपतराव रागावणार नाहीत. ते फक्त चष्म्यावरून पाहतील आणि म्हणतील, "काय गजभिये?" नावापुढचं 'साहेब' गळून पडायला तेवढं पुरे होतं. चार वर्षांत कमावलेलं एक अक्षरभर काही तरी, ते तेवढ्यानं जाईल. आणि मग पुन्हा ते किंचित थांबणं. त्याला त्या थांबण्याची भीती वाटत होती, हे खरं होतं. आईपेक्षा जास्त वाटत होती, हेही खरं होतं, आणि हे दुसरं खरं कळल्यावर तो सावली सोडून भर उन्हातून चालू लागला.

एका रसवंतीच्या बाकावर तो बसला. चरकाची घुंगरं थांबलेली होती, रसवाला आडवा झाला होता. देवाजीनं स्वतःशी वाद घालायला सुरुवात केली, आणि असा वाद माणूस जिंकायच्या तयारीनंच घालतो. आईला वाचता तरी कुठे येत होतं? जमणाऱ्या बायांतल्या किती जणींना येतं? नाव तर राहणारच होतं. बारीक म्हणजे काही पुसलेलं नव्हे. सगळी वंदना बारीकच टाइपात आहे, बुद्धाचं नावही बारीकच आहे. हा मुद्दा त्याला फारच पटला. बुद्धाला चालतं तर. आणि आईनंच म्हटलं होतं ना, सगळे सारखे ते बरं आहे म्हणून? तिचे ते शब्द त्यानं असे मोडून वापरले आणि तत्क्षणी त्याला स्वतःची किळस आली. तिनं ज्या संध्याकाळी ते म्हटलं होतं तेव्हा तिच्या पायांना सूज होती. तो नियमाबद्दल बोलत सुटला होता आणि ती ऐकत होती, मध्ये मध्ये एका पायानं दुसरा पाय दाबत. तिला त्यातलं काय कळलं असेल? एवढंच की पोरगा खूश आहे. शेवटच्या महिन्यात दम्यानं तिला बोलवत नव्हतं तेव्हाही तो ऑफिसातून आला की ती भुवया उडवून विचारी: काय म्हणते तुह्यं मोठं अक्षर? आणि तो सांगे. तिला सांगण्यासारखं दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतंच. माणसानं कोणासाठी तरी मोठं व्हावं आणि मोठं होण्याच्या नादात त्यालाच लहान टाइपात बसवावं, हे काही त्याच्या एकट्याच्याच घरी झालं नसेल, असं त्याला वाटलं. पण त्यानं काही हलकं वाटलं नाही. रसवाला कूस बदलून म्हणाला, "बर्फ नाही बाबू आज." देवाजी उठला.

परत आला तर नत्थूनं आईची ओळ बारीक टाइपात जुळवून तयार ठेवली होती. "नुसती पाहासाठी बसवली," तो म्हणाला. "अर्धं काळं अन् अर्धं बारीक बरं नाही दिसत, म्हणून पूर्णच बारीक घेतलं. आवडलं नाही तं काढतो लगेच. कसं दिसते?" ओळ सरळ होती, नीटनेटकी. भोकं नव्हती. खरं सांगायचं तर चांगलीच दिसत होती, आणि त्याचंच देवाजीला वाईट वाटलं. नत्थू चिमटा हातात धरून उभा होता; 'काढ' म्हटलं असतं तर त्यानं काढली असती. देवाजी म्हणाला, "चालेल." इतक्या हलक्या आवाजात तो हे म्हणाला की नत्थूनं पुन्हा विचारलं आणि त्याला पुन्हा म्हणावं लागलं, "चालेल, राहू दे तसंच." मग प्रूफ निघालं. पंपाचं पान त्यानं ओळ ओळ बोट ठेवून वाचलं, प्रत्येक जलबाण काळा असल्याची खात्री केली. आईच्या पानावर त्याची नजर ठरेना. दोन्ही पानांच्या खाली त्यानं सवयीनं 'छापावे' असं लिहिलं आणि सही केली. यंत्र सुरू झालं. लाइट जायच्या आत पाचशे कागद निघाले, कापले गेले, टाचले गेले, आणि संध्याकाळी दोन गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधून तो इंदोऱ्याला आला. कंपनीचा गठ्ठा खाली होता, घरचा वर.

सकाळी घरापुढे मांडव घातला होता. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, बहुतेक गिरणीतल्या, आईच्या बरोबरीच्या. फोटोपुढे मेणबत्त्या उन्हानं आधीच वाकायला लागल्या होत्या. वंदना झाली, पंचशील झालं, वस्तीतले बळीराम गुरुजी आईबद्दल चार शब्द बोलले. देवाजी मागे उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला कंपनीची पिशवी. हे आटोपलं की त्याला तसंच मेळाव्याला जायचं होतं. प्रेमिला, त्याची बायको, पुस्तिका वाटू लागली. तिनं काल रात्रीच पहिलं पान पाहिलं होतं, मग त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि पुस्तिका मिटून जेवायची ताटं घेतली होती. त्याची थोरली बहीण कौसल्या कोराडीहून पहिल्या बसनं आली होती. तिचा नवरा वीजघराच्या बांधकामावर होता, आणि तिथल्या वसाहतीत बायांसाठी निघालेल्या वर्गात जाऊन कौसल्या या वयात अक्षरं शिकत होती. तिनं पुस्तक उघडलं, पानावर बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर.

"मायचं नाव कोठं आहे गा देवा?"

देवाजीनं वाकून दाखवलं. कौसल्यानं डोळे बारीक केले. "हे? मले वाटलं हे बी वंदनाच आहे." मग म्हणाली, "काळं टाकणार होता ना तू? तिनं सांगतलं होतं मले बी."

"खिळे नाही मिळाले ताई," तो म्हणाला. "मुंबईहून येणार होते. रेल्वेचा संप आहे ना."

"हाव का? मंग तू काय करशीन?" कौसल्या म्हणाली आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी तो पडला की फिरवायची तसा. "तुह्या हातात होतं का काई?"

"नाही," देवाजी म्हणाला.

पाठीवरच्या त्या हातानं त्याच्या खांद्यावरची पिशवी सरकली, आणि पिशवीच्या तोंडाशी खोचलेली पत्रकं बाहेर डोकावली. "हे तुह्या कंपनीचं काय?" म्हणत कौसल्यानं एक ओढून घेतलं. त्यानं हात पुढे केला, पण हिसकावून कसं घेणार? ती वाचायला लागली होती. शिकाऊ माणसाच्या उत्साहानं, मोठ्यानं, एक एक अक्षर सुटं करत: "ज... ल... बा... ण. जलबाण! पाह्य गा, वाचलं का नाही मी?" आजूबाजूच्या दोघीतिघी कौतुकानं हसल्या. "हे बरं आहे, दिसते तरी. हे बी जलबाण. हे बी जलबाण." तिचं बोट पानावरून उतरत गेलं, एका काळ्या शब्दावरून दुसऱ्या काळ्या शब्दावर, आणि मग मध्येच थांबलं. दुसऱ्या हातातली पुस्तिका अजून उघडीच होती. तिनं एकदा हे पान पाहिलं, एकदा ते. तिनं मान वर केली तेव्हा देवाजीला वाटलं, ही आता विचारील, सगळ्यांदेखत विचारील, आणि विचारलं तर बरं होईल. तो वाट पाहत राहिला.

कौसल्यानं विचारलं नाही. तिनं पत्रकाची काळजीपूर्वक घडी घातली, ते त्याच्या पिशवीत आत, अगदी तळाशी सारलं, आणि पिशवीचं तोंड बंद केलं. पुढच्या रांगेतली म्हातारी मनकर्णा, आईच्या शेजारच्या साच्यावर उभी राहणारी, पुस्तिका उलटसुलट करत विचारत होती, "अंजनाचं नाव कोणतं वं याच्यात? मले तं दिसून नाही राहिलं." कौसल्या तिच्याजवळ जाऊन खाली बसली, तिचं बोट धरून त्या बारीक ओळीवर ठेवलं, आणि भावाकडे न पाहता, सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे पाह्य मावशी, इथं आहे. संप होता ना रेल्वेचा, काळे खिळे आलेच नाहीत. कोणालेच भेटले नाहीत."